अपयशाच्या दिवशी पुढे, यशाच्या दिवशी मागे

कामाच्या ठिकाणी नेतृत्व आणि संवाद : एक अभ्यासपाठ

समजा, आज सोमवार आहे. तुमच्या हाताखालच्या पाच जणांनी मिळून केलेले काम शुक्रवारी ग्राहकाकडे गेले आणि त्यात मोठी चूक निघाली. सकाळी साडेनऊला तुमच्या साहेबांचा फोन येतो, "हे काय झाले?" तुमच्या तोंडून पहिले वाक्य कोणते निघेल?

बहुतेकांच्या तोंडून एखादे नाव निघते. "ते काम अमक्याने केले होते, मी त्याला विचारतो." हे वाक्य खोटे नसते. काम खरोखरच त्याने केलेले असते. पण ही गोष्ट संध्याकाळपर्यंत सगळ्या गटाला कळते आणि प्रत्येक जण मनाशी एक धडा घेतो : चूक झाली, तर आपलेही नाव असेच पुढे केले जाईल. त्या दिवसापासून तुमच्यापर्यंत वाईट बातमी उशिरा पोहोचू लागते. ज्या व्यवस्थापकाला वाईट बातमी उशिरा कळते, त्याच्या हातात दुरुस्त करण्यासारखे फारसे काही उरत नाही.

नेतृत्वावर बोलताना आपण भाषणकला, आत्मविश्वास, ध्येयनिश्चिती असे पुष्कळ विषय घेतो. या पाठात आपण एकच गोष्ट पाहणार आहोत : काम बिघडल्यावर आणि काम साधल्यावर व्यवस्थापकाने कोणाशी, कुठे आणि काय बोलावे. त्यासाठी आपल्या बेंगळुरूशी जोडलेले एक खरे उदाहरण घेऊ. ते तुम्ही कदाचित ऐकले असेल. तरीही पुन्हा एकदा सावकाश पाहा, कारण त्यातला मधला भाग बहुधा सांगायचा राहून जातो.

दोन पत्रकार परिषदा

३० डिसेंबर १९७१ रोजी डॉ. विक्रम साराभाई यांचे अचानक निधन झाले. त्यानंतर भारताच्या अंतराळ कार्यक्रमाची धुरा प्रा. सतीश धवन यांच्याकडे आली. धवन १९६२ पासून बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेचे संचालक होते. विज्ञान संस्थेचे काम सोडणार नाही आणि अंतराळ कार्यक्रमाचे मुख्यालय बेंगळुरूत असेल, अशा अटींवर त्यांनी ही जबाबदारी घेतली. इस्रोचे मुख्यालय आज आपल्या शहरात आहे ते त्यामुळेच.

त्या काळातले सर्वांत मोठे काम म्हणजे स्वतःच्या प्रक्षेपकाने स्वतःचा उपग्रह कक्षेत पाठवणे. या प्रक्षेपकाचे नाव एसएलव्ही-३. उंची सुमारे २२ मीटर, वजन सुमारे १७ टन, चार टप्पे आणि चारही टप्प्यांत घन इंधन. या घन इंधनाच्या संशोधनात आपले वसंत गोवारीकर यांचा मोठा वाटा होता. प्रकल्प संचालक होते डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम.

१० ऑगस्ट १९७९ रोजी श्रीहरिकोटा येथून पहिले उड्डाण झाले. त्या दिवशी काय घडले, हे कलामांनी पुढे अनेक भाषणांत सांगितले. प्रक्षेपणाला काही मिनिटे उरली असताना संगणकाने उलटी गणती थांबवली. नियंत्रण यंत्रणेत गळती असल्याचे दिसत होते. सोबतच्या तज्ज्ञांनी हिशेब करून सांगितले की साठा पुरेसा आहे. कलामांनी संगणकाचा थांबा बाजूला ठेवून उड्डाणाचा निर्णय घेतला. पहिला टप्पा नीट चालला. दुसऱ्या टप्प्यात प्रक्षेपकावरचे नियंत्रण सुटले आणि कित्येक वर्षांचे काम बंगालच्या उपसागरात जाऊन पडले.

थोड्याच वेळात पत्रकारांसमोर जायचे होते. थकलेल्या आणि घाबरलेल्या कलामांना धवन सोबत घेऊन गेले आणि बोलले स्वतः. आम्ही अपयशी ठरलो, माझा माझ्या सहकाऱ्यांवर विश्वास आहे, पुढच्या वर्षी आम्ही यशस्वी होऊ, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. थांबा बाजूला कोणी ठेवला, हिशेब कोणी केला, यातले काहीही त्या खोलीत आले नाही.

१८ जुलै १९८० रोजी दुसरे उड्डाण झाले. रोहिणी उपग्रह कक्षेत पोहोचला आणि अशी क्षमता असलेल्या जगातल्या मोजक्या देशांत भारताचा समावेश झाला. पुन्हा पत्रकार परिषद होती. या वेळी धवन यांनी कलामांना सांगितले, आज तुम्ही बोला.

कलाम २००२ मध्ये राष्ट्रपती झाले. त्यानंतरही नेतृत्वाविषयी कोणी विचारले की ते हाच प्रसंग सांगत. सतीश धवन यांचे ३ जानेवारी २००२ रोजी निधन झाले आणि त्याच वर्षी श्रीहरिकोटा येथील केंद्राला त्यांचे नाव देण्यात आले.

दोन परिषदांच्या मधले अकरा महिने

ही गोष्ट इथेच संपवली, तर एक गैरसमज होऊ शकतो. चांगला नेता म्हणजे सगळ्यांच्या चुकांवर पांघरूण घालणारा, असे वाटू शकते. तसे झाले असते, तर दुसरे उड्डाणही समुद्रातच गेले असते.

पत्रकारांसमोर जे बोलले गेले नाही, ते आत पूर्णपणे तपासले गेले. उड्डाणाची सर्व माहिती समोर ठेवून कारण शोधले गेले. दुसऱ्या टप्प्याच्या नियंत्रण यंत्रणेतले नायट्रिक आम्ल वाहून गेले होते, म्हणून नियंत्रण मिळाले नाही. ते का वाहून गेले? एक झडप उघडीच राहिली होती. ती उघडी का राहिली? तिच्यात कचरा अडकला होता. एका नावापाशी न थांबता तपास एका बारीक झडपेपर्यंत गेला. झडप दुरुस्त करता येते, तपासणीची यादी बदलता येते. नाव सापडल्याने यातले काहीच होत नाही.

मराठीत दोन शब्दप्रयोग आहेत. दिसायला जवळचे, अर्थाने अगदी वेगळे. एखाद्याच्या पाठीशी उभे राहणे आणि एखाद्याला पाठीशी घालणे. धवन पाठीशी उभे राहिले. त्यांनी चूक पाठीशी घातली नाही. बाहेर ढाल आणि आत कसून तपासणी, या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या तरच गट सुधारतो. फक्त ढाल असेल, तर निष्काळजीपणा वाढतो. फक्त तपासणी असेल, तर भीती वाढते.

माझी एक चूक

मी वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी आहे आणि भाषांतराची सेवा करते. मध्यंतरी आमच्या सहा जणांच्या गटाचे काम पाहण्याची जबाबदारी माझ्याकडे होती. एका कार्यक्रमाचे पत्रक मराठीत करायचे होते. कार्यक्रम सायंकाळी पावणेसातला होता. आमच्या मराठी पत्रकात छापले गेले 'सव्वासात'. कित्येक जण अर्धा तास उशिरा आले. काही आजी-आजोबा दूरवरून दोन बस बदलून आले होते आणि त्यांना दाराशी थांबावे लागले.

मला फोन आला तेव्हा मी गटाच्या संदेशात लिहिले, "हे पत्रक हिने केले होते. यापुढे सगळ्यांनी वेळ दोनदा तपासा." पुढे तिचे नाव होते. ती माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान. तिचे उत्तर आले, "ठीक आहे ताई." त्यानंतर तिने काम मागितले नाही.

दोन आठवड्यांनी जुने संदेश चाळताना मला कळले. मूळ पत्रकात आधी सव्वासातच लिहिले होते. नंतर वेळ बदलली. बदललेले पत्रक मी तिघांना पाठवले आणि तिला पाठवायचे राहून गेले. तिने भाषांतर अचूक केले होते. जुन्या कागदाचे केले होते, एवढेच.

मी त्या दिवशी "कोणी केले?" असे विचारले, म्हणून मला उत्तर लगेच मिळाले आणि ते चुकीचे निघाले. "हे कसे झाले?" असे विचारले असते, तर उत्तराचा माग माझ्यापर्यंतच आला असता. मी तिला फोन करून माफी मागितली आणि गटातही खरे काय ते लिहिले. ती छान बोलली. पण भाषांतराच्या कामात परत आली नाही. म्हणून हा पाठ मी तुमच्याइतकाच स्वतःसाठीही लिहीत आहे.

आता आपल्या कार्यालयात : पाच सवयी

१. बाहेर बोलताना 'आम्ही' म्हणा, आणि पुढचे पाऊल सांगा.

वरिष्ठ, ग्राहक, दुसरा विभाग, हे सगळे 'बाहेर'. त्यांच्याशी बोलताना तीनच गोष्टी सांगा : काय घडले, आता आम्ही काय करत आहोत, आणि तुम्हाला पुन्हा कधी कळवू. उदाहरणार्थ, "शुक्रवारच्या अहवालात आमच्याकडून चूक झाली आहे. सुधारित अहवाल आज चारपर्यंत देतो. कारण तपासून बुधवारी कळवतो." इथे चूक लपवलेली नाही, कोणाचे नाव नाही आणि रडगाणेही नाही. साहेबांनी खोदून विचारले, "पण केले कोणी?" तर शांतपणे म्हणा, "काम माझ्या गटाचे आहे आणि ते पाठवण्याआधी पाहण्याची जबाबदारी माझी होती."

फोनवर बोलण्याआधी दोन-तीन सावकाश श्वास घ्या. रोज सकाळी आपण शांत बसतो, त्याचा खरा उपयोग अशाच क्षणी व्हायला हवा. घाबरलेल्या मनाला स्वतःला वाचवायचे असते आणि स्वतःला वाचवण्याचा सर्वांत जवळचा मार्ग म्हणजे दुसऱ्याचे नाव घेणे.

२. आत बोलताना 'कोण' सोडा, 'का' धरा.

जपानच्या टोयोटा कंपनीत एक रीत रुळली : अडचण आली की एकामागून एक पाच वेळा 'का' विचारायचे. आपल्या ओळखीचे उदाहरण घेऊ. एका लेखा कार्यालयात एका ग्राहकाचे जीएसटीचे मासिक विवरणपत्र उशिरा भरले गेले. जीएसटीआर-३बी भरण्याची मुदत साधारणपणे पुढच्या महिन्याची २० तारीख असते. ती चुकली की विलंब शुल्क लागते आणि भरायच्या राहिलेल्या करावर वार्षिक १८ टक्के दराने व्याजही द्यावे लागते. म्हणजे चूक छोटी नाही.

उशीर का झाला? आकडे २० तारखेलाही जुळत नव्हते.
आकडे का जुळले नाहीत? खरेदीची बिले १९ तारखेला आली.
बिले उशिरा का आली? ग्राहकाकडे ती मागितलीच १७ तारखेला.
मागायला उशीर का झाला? ज्याला आठवेल त्याने निरोप पाठवायचा, असे चालले होते.
तसे का चालले होते? आधी हे काम करणारी व्यक्ती तीन महिन्यांपूर्वी नोकरी सोडून गेली. तिच्या कामांची वाटणी करताना हे एक काम कोणाच्याच नावावर लिहिले गेले नाही.

पहिल्या प्रश्नापाशी थांबलो असतो, तर विवरणपत्र भरणाऱ्या मुलाला ओरडा बसला असता. पाचव्या प्रश्नापाशी कळते की कामांची वाटणी व्यवस्थापकाने केली होती. 'का' विचारत गेलो की बोट बऱ्याचदा आपल्याकडेच वळते. कदाचित म्हणूनच आपल्याला 'कोण' विचारणे अधिक आवडते.

३. चूक दाखवायची ती एकट्यात, आणि नेमक्या शब्दांत.

कधी कधी चूक खरोखरच एका व्यक्तीच्या दुर्लक्षामुळे होते. तेव्हा गप्प बसणे हा दयाळूपणा ठरत नाही. त्या व्यक्तीला सुधारण्याची संधीच मिळत नाही. मात्र हे बोलणे चारचौघांत किंवा कार्यालयाच्या समूह-संदेशात करू नका. दार लावून, समोर बसून करा.

"तू नेहमीच उशीर करतोस" हे वाक्य स्वभावावर आहे. त्यावर समोरचा फक्त वाद घालू शकतो किंवा मान खाली घालू शकतो. त्याऐवजी असे म्हणा : "मंगळवारचा अहवाल गुरुवारी आला. त्यामुळे लेखापरीक्षकांची बैठक पुढे ढकलावी लागली. पुढचा अहवाल मंगळवारी दुपारपर्यंत येण्यासाठी तुला काय लागेल?" आधी घटना, मग परिणाम, मग प्रश्न. प्रश्न विचारल्यावर गप्प राहा आणि उत्तर पूर्ण ऐका. त्याच्या घरी कोणी आजारी असेल, त्याला एखादे सॉफ्टवेअर येत नसेल, किंवा दोन साहेब एकाच वेळी दोन कामे सांगत असतील.

तीच चूक पुन:पुन्हा होत असेल, तर तेही स्पष्ट सांगा, ठरलेले लेखी ठेवा आणि गरज पडल्यास काम बदलून द्या. प्रेमाने बोलणे आणि ठामपणे बोलणे यांत विरोध नाही.

४. जो कमी बोलतो, त्याला आधी बोलू द्या.

उड्डाणाआधी तज्ज्ञांचे मत विचारले गेले होते, हे लक्षात घ्या. धोक्याची बातमी वरपर्यंत पोहोचली होती. आपल्या बैठकांत ती पोहोचते का? साहेब आधी बोलले की बाकीचे त्यांच्याच मताला मान डोलावतात. म्हणून बैठकीत तुमचे मत सर्वांत शेवटी सांगा आणि सुरुवात सर्वांत कनिष्ठ व्यक्तीपासून करा. "काही शंका आहे का?" असे विचारले की सगळे "नाही" म्हणतात. "या योजनेत बिघडू शकेल अशी एक गोष्ट सांगा" असे विचारले की उत्तर मिळते.

बेंगळुरूत आणखी एक गोष्ट आहे. एका टेबलाभोवती कन्नड, तमिळ, तेलुगू, मल्याळम, हिंदी आणि मराठी बोलणारे बसलेले असतात आणि बैठक इंग्रजीत चालते. गप्प बसलेल्या माणसाकडे विचार नसतात असे नाही. कित्येकदा वाक्य जुळवेपर्यंत विषय पुढे गेलेला असतो. प्रश्न आदल्या दिवशी लिहून पाठवा. ज्याला जी भाषा सोपी वाटते तिच्यात बोलू द्या, कोणीतरी सांगून देईल.

आणि सूचना दिल्यावर "समजले ना?" असे विचारू नका. विमानाचा वैमानिक नियंत्रण कक्षाकडून आलेली सूचना स्वतः उच्चारून परत सांगतो, म्हणजे ऐकण्यात चूक असेल तर तिथेच पकडली जाते. तुम्हीही म्हणा, "आपले काय ठरले ते एकदा तू सांग, माझे काही सांगायचे राहिले का ते मला कळेल." पावणेसात आणि सव्वासात यांतला फरक एवढ्यानेच वाचला असता.

५. यशाच्या दिवशी नाव घ्या, आणि काम सांगून घ्या.

"सगळ्यांनी छान काम केले" हे वाक्य कोणाच्याच वाट्याला येत नाही. कोणी काय केले ते सांगा. "बिलांमधला फरक हिने रात्री शोधून काढला, म्हणून आज आपण वेळेत आहोत." शक्य असेल तिथे बोलण्याची संधीच त्या व्यक्तीला द्या. वरिष्ठांसमोर सादरीकरण असेल, तर ज्याने काम केले त्याला उभे करा आणि तुम्ही बाजूला बसा. तो अडखळला तर मदतीला तुम्ही आहातच. धवन यांनी कलामांना मिळालेले श्रेय फक्त सांगितले नाही, पत्रकारांसमोरची जागाच त्यांना दिली.

या आठवड्यात करून पाहा

एका वहीत रोज संध्याकाळी तीन ओळी लिहा. आज मी कोणाचे नाव तक्रारीत घेतले? आज मी कोणाचे नाव कौतुकात घेतले? आज कोणी मला आपणहून वाईट बातमी सांगितली का?

पहिल्या दोन ओळींकडे आपले लक्ष पटकन जाते. खरी परीक्षा तिसऱ्या ओळीत आहे. आठवडाभर ती ओळ कोरी राहिली, तर सगळे सुरळीत चालले आहे असे समजू नका. लोक तुम्हाला सांगायला घाबरत असतील. ज्या दिवशी एखादा सहकारी स्वतःहून येऊन म्हणेल, "सर, माझ्याकडून एक चूक झाली आहे, अजून दोन तास आहेत, सुधारता येईल," त्या दिवशी तुमचे नेतृत्व सुरू झाले असे समजा.

आणि तो आला की त्याला आधी बसायला सांगा, पाणी द्या. मग विचारा, "कसे झाले?"